समोरचा प्लॉट

मी अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सजवळ राहतो. महिन्यातून दोनतीन मेसेज तरी येतातच. "दादा, इकडच्या चिप कारखान्यात बदली होतेय. तुम्ही फिनिक्सच्या पश्चिमेला, बकआयला घर घेतलंय ना? आम्हीही तिकडची एक नवी कम्युनिटी, म्हणजे घरांची वसाहत, बघून आलो. फार आवडली. काही तोटे?" मी उत्तर देतो, आणि मग माणूस माझ्याशीच वाद घालतो. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो.

फायदे लिहीत नाही. बिल्डरचं मॉडेल होम, म्हणजे नमुन्याचं सजवलेलं घर, बघून आलायत म्हणजे ते तुम्हाला तोंडपाठ असणार.

ऊन म्हटलं की विदर्भातले मित्र हसतात. "चंद्रपूरला 47 असतं रे." असतं, मान्य. पण जूनमध्ये तिथे पाऊस येतो. इथे 2023 मध्ये 30 जूनपासून सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला आणि ओळीने 16 रात्री 32 च्या खाली उतरला नाही. रात्रीसुद्धा नळातून गरमच पाणी येतं. चार महिने मुलं खिडकीतून बाग बघतात. डाळ-तांदूळ, मराठी माणसं, सगळं चँडलरच्या बाजूला, जवळपास 80 किलोमीटरवर. हे सगळं सवयीचं होतं. यातल्या कशासाठीच मी तुम्हाला "नको" म्हणणार नाही.

मी सांगतो धुळीबद्दल, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

घर 2021 साली घेतलं तेव्हा आमच्यासमोर रिकामा प्लॉट होता. पाटीवर लिहिलं होतं, "भविष्यातील उद्यान". मला वाटलं, वा, मोकळी हवा. वाळवंटाच्या मातीवर एक पातळ पापडी असते, ती धूळ धरून ठेवते, हे मला माहीत नव्हतं. बुलडोझर फिरला की पापडी मोडते. आणि इथल्या मातीत एक बुरशी असते, तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर उडून छातीत जातात. त्या आजाराला व्हॅली फीवर म्हणतात. निम्म्याहून जास्त लोकांना काहीच होत नाही. काहींना होतं.

2022 च्या एप्रिलमध्ये माझे वडील, अण्णा, सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आले. एस.टी.त कंडक्टर होते. आल्या आल्या त्यांनी मागच्या अंगणात दोरी बांधली. "एवढ्या उन्हात मशीनमध्ये कपडे वाळवायचे म्हणजे वेडेपणा आहे." पंधरा दिवसांत एचओएचं, म्हणजे वसाहतीचे नियम बघणाऱ्या सोसायटीचं, पत्र आलं : वाळत घातलेले कपडे रस्त्यावरून दिसतात. मी दोरी काढली. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त पत्र दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

त्याच सुमारास समोर काम सुरू झालं. उद्यानाचं नव्हे, घरांचं. टँकर पाणी मारायचा, तरी दुपारी वारा सुटला की समोरचा डोंगर दिसेनासा व्हायचा. अण्णा सकाळी उठून तिथेच जाऊन उभे राहायचे. यंत्रं बघायला आवडायची त्यांना. मी एकदा म्हटलंसुद्धा, अण्णा, धूळ आहे. "तीस वर्षं घाटातली धूळ खाल्लीय. मला काय करणार ही?"

सप्टेंबरअखेर खोकला लागला. इथल्या दवाखान्यात पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्यांचा प्रवासी विमा असा, की पुढच्या तपासण्या म्हटलं की माझ्याच पोटात गोळा यायचा. तिकीट ठरलेलं होतं. मी त्यांना खोकत्या अवस्थेत विमानात बसवलं. हे वाक्य मी याआधी कुठे लिहिलेलं नाही.

सोलापुरात एक्स-रे काढला, उजव्या बाजूला डाग. आपल्याकडे तीन आठवड्यांचा खोकला आणि डाग म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात काय येणार? थुंकीत काही सापडलं नाही, तरी टीबीची औषधं सुरू झाली. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. मी मात्र इथे राहत होतो.

दिवाळीला व्हिडिओ कॉल केला तेव्हा सगळे हॉलमध्ये, आणि अण्णा गॅलरीत एकटे, फराळाचं ताट मांडीवर. ताटाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका. वहिनी रडवेली होऊन म्हणाली, "भाऊजी, आम्ही नाही हो केलं. त्यांनीच लावून घेतला, धुताना ताटं मिसळू नयेत म्हणून." नातू गॅलरीच्या दाराशी आला की अण्णा हातानेच "तिकडे" म्हणायचे.

दोन महिने असेच गेले. डिसेंबरात ऑफिसात एकजण त्याच्या कुत्र्याबद्दल सांगत होता. खोकतो, खात नाही, डॉक्टरने रक्त तपासलं, व्हॅली फीवर निघाला. इथे कुत्र्यांनाही होतो. मी कॅन्टीनमधून उठून बाहेर पार्किंगमध्ये गेलो आणि सोलापूरला फोन लावला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, ही त्यांची कृपा. तपासणीला वेळ लागला, पण औषध बदललं, आणि हळूहळू खोकला गेला. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. ताटाची काही गरज नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, समोरच्याच प्लॉटवरून झालं कशावरून? काहीच नाही. पूर्ण फिनिक्सभर ही माती आहे. जुन्या वस्तीतही झालं असतं. 2021 मधला मी तर हेच म्हणतो, "दर महिन्याला बावीसशे डॉलर भाडं कुणाच्या घशात घालत होतास?" त्याच्याजवळ आकडे आहेत. माझ्याजवळ एक ताट आहे. पण नव्या वसाहतीत तुम्ही घर घेता तेव्हा आजूबाजूचं वाळवंट अजून पाचदहा वर्षं खणलं जाणार असतं, हे त्या चकचकीत ऑफिसात कुणी सांगत नाही. मीही विचारलं नव्हतं. मी ओट्याच्या ग्रॅनाइटचा रंग विचारत होतो.

पाण्याचंही तेच. इथे कायद्याने बिल्डरला शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी दाखवावं लागतं, तेव्हा पाण्याचा दाखला मिळतो. जानेवारी 2023 मध्ये राज्याने आमच्या बाजूच्या खोऱ्याचा अहवाल काढला : भूजल तेवढं पुरणार नाही. जूनमध्ये फिनिक्स परिसरात केवळ भूजलाच्या भरवशावर नवे दाखले देणं थांबलं. मला वाटलं, चला, निदान धूळ थांबेल. पण आधी दाखला मिळालेल्या प्लॉटांचं काम चालूच राहिलं.

मग घर विकून का जात नाही? हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. मुलीची शाळा चालत जाण्यासारखी आहे, हप्ता जुन्या, कमी व्याजाचा आहे. आणि खरं सांगू, हिवाळ्यात संध्याकाळी डोंगर जांभळा होतो तेव्हा मलाही हे घर आवडतं. याची लाज वाटते की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

अण्णा बरे आहेत. दर रविवारी फोनवर विचारतात, "समोर घरं झाली का रे?" झाली, अण्णा. कॅलिफोर्नियाची माणसं आलीत राहायला. "मग आता?" आता आपल्या मागच्या बाजूला सुरू झालंय. तिकीट काढू का म्हटलं, की ते पावसाबद्दल बोलायला लागतात.