डिचोलीच्या दमट हवेत स्कीचं जॅकेट सांभाळताना

स्कीचं वॉटरप्रूफ जॅकेट गुलमर्गच्या बर्फात जेवढं खराब होत नाही, तेवढं आमच्या डिचोलीतल्या कपाटात होतं. हिवाळ्यात थोडे दिवस तिकडे वापरायचं आणि उरलेलं वर्षभर गोव्याच्या दमट हवेत ठेवायचं, म्हणजे खरी कसोटी ठेवण्याचीच. म्हणून जॅकेट धुऊन, वाळवून जागेवर ठेवण्याचं काम मी मृगाच्या आत उरकते. अंगणात सोलं वाळत असतात, आई मिरच्या निवडत असते, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, त्या धांदलीत जॅकेटचाही एक दिवस ठरलेला असतो. ते मात्र मिरच्यांपासून लांब, मागच्या पडवीत.

'असलं जॅकेट धुवायचं नसतं, वॉटरप्रूफपणा जातो' हे मला अनेकांनी सांगितलं आहे. मला ते मुळीच पटत नाही. या कपड्यात मध्ये एक पातळ पडदा असतो, मेंब्रेन. 1969 मध्ये बॉब गोअर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन ज्याचं असतं तो पदार्थ, एका झटक्यात ताणून पाहिला आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पदार्थ तयार झाला. गोअर-टेक्स ते हेच. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. आता इतर कंपन्यांचीही अशी मेंब्रेन आहेत, काही पॉलियुरेथेनची. पण सगळा भार मेंब्रेनवर नसतो. बाहेरच्या कापडावर पाणी झटकून टाकणारा एक लेप असतो, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. सनस्क्रीन, चेहऱ्याचं तेल, घाम, डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टच्या दांड्याचं काळं ग्रीस असं सगळं त्या लेपावर बसलं की बाहेरचं कापड पाणी पिऊ लागतं. मेंब्रेन शाबूत असतं, पण भिजलेल्या कापडातून वाफेला वाट मिळत नाही. आपलाच घाम आत थंड होतो आणि वाटतं, जॅकेट गळतंय. अशा वेळी नवीन जॅकेटच्या मागे लागण्याआधी आहे ते धुऊन पाहावं.

धुण्याआधी आतली पट्टी वाचायची. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायक्लीन नको, इस्त्रीत एक ठिपका म्हणजे 110 अंशांच्या वर नको. खिसे रिकामे करायचे, बाहीवरचा लिफ्टच्या पासचा छोटा खिसासुद्धा, कारण लिप बाम हमखास तिथेच असतो. सगळ्या चेन लावायच्या, काखेतल्याही. वेल्क्रो चिकटवून टाकायचे, नाहीतर ते अस्तराचे धागे ओढतात.

आमच्याकडे वरून कपडे टाकायचं मशीन आहे. त्यात मी हे जॅकेट घालत नाही. वॉटरप्रूफ कापडात पाणी अडकून राहतं आणि जोरात पिळताना ड्रमचा तोल जातो. समोरून उघडणारं मशीन असेल तर नाजूक कपड्यांचं चक्र लावून, पिळण्याचा वेग कमी ठेवून धुता येतं, फक्त आधी पावडरचा कप्पा स्वच्छ धुवावा. मी मोठ्या टबात हातानेच धुते. मेअखेरीस विहीर खाली गेलेली असते, पाण्यात गाळ येतो, म्हणून ते फडक्यातून गाळून घेते आणि जरासं कोमट करते. साधी पावडर नको, तिचा अंश कापडात राहिला की तोच पाणी ओढून घेतो. फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नको. निकवॅक्स किंवा ग्रेंजर्सचं अशाच कपड्यांसाठीचं द्रव साबण ऑनलाइन मिळतं, ते बाटलीवर लिहिलंय तेवढंच. कॉलर आणि बाह्यांची टोकं मऊ स्पंजने चोळायची, ब्रश घासायचा नाही. त्यानंतर फेसाचा मागमूस नाहीसा होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. इथे मी घाई करत नाही, सगळ्यात जास्त वेळ मला यालाच लागतो. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं आणि रुंद हँगरवर सावलीत लटकवायचं.

वाळल्यावर खरी गंमत. लेपाला थोडी ऊब मिळाली की तो पुन्हा जागा होतो. पट्टीवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवतात. आमच्याकडे ड्रायर नाही, म्हणून मी जुना सुती पंचा अंथरून त्यावरून मंद इस्त्री फिरवते, वाफ बंद ठेवून. चेन, छापलेली अक्षरं आणि चमकत्या पट्ट्या टाळते. मग खांद्यावर पाण्याचे चार थेंब टाकायचे. ते अळूच्या पानावरच्यासारखे गोल होऊन घरंगळले तर काम झालं. कापड काळपट पडून थेंब जिरले तर लेप संपलाय, नवीन द्यायला हवा.

तो मी फवाऱ्याचाच घेते. पाण्यात मिसळायचा घेतला तर तो अस्तरावरही बसतो आणि अस्तर घाम टिपेनासं होतं. धुतलेल्या ओल्या जॅकेटवर फवारायचा, खांदे, टोपी आणि बाह्यांवर जरा जास्त, दोनेक मिनिटांनी उरलेला थर ओल्या फडक्याने पुसायचा. लेप फ्लोरिनविरहित घ्यावा असा माझा आग्रह आहे. जुन्या लेपांमध्ये पीएफएएस रसायनं असायची. ती निसर्गात विघटित होत नाहीत, फ्रान्सने तर 2026 पासून कपड्यांत त्यांच्यावर बंदी घातली. आमच्या अंगणातलं धुण्याचं पाणी माडाच्या आळ्यात जातं आणि तिथून विहीर हाकेच्या अंतरावर आहे. मी ती रसायनं तिथे सोडणार नाही. नव्या लेपांना तेलकट मळ सोसत नाही हे खरं, त्यामुळे जॅकेट जास्त वेळा धुवावं लागतं. लागू दे.

शेजारचा मुलगा बोटीवर कामाला आहे. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याचं जुनं जॅकेट घेऊन आला, 'ताई, हे काय झालंय बघ' म्हणून. बाहेरून कोरं, आतून मात्र पॉलियुरेथेनचा थर चिकट झालेला, बोटाला पांढरी पापडी लागत होती आणि शिवणींवरची टेप लोंबत होती. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ट्रंकेत ठेवलेलं होतं. पॉलियुरेथेनला दमटपणा मानवत नाही, ओलाव्याने त्याचे रासायनिक बंध तुटत जातात, आणि पिशवीत तो ओलावा कोंडला जातो. सुटलेली टेप सीम सीलरने, म्हणजे शिवणी बंद करणाऱ्या गोंदाने, बसवता येते, आतला आख्खा थर गेला की इलाज नाही. त्याला तसंच सांगावं लागलं.

म्हणून माझं जॅकेट पिशवीत नसतं, घडीही घालत नाही, दाबून ठेवलं की आतलं पॉलिस्टरचं भरण बसतं. सुती कव्हर चढवून, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, आजूबाजूला जागा सोडून टांगते. खाली सिलिका जेलच्या पुड्या. श्रावणात ऊन पडलं की कपाटाची दारं उघडी टाकते आणि कॉलरच्या आत, काखेत बुरशीचे ठिपके आलेत का ते बघते. आले असतील तर लगेच धुते, पाऊस असला तरी, आणि पंख्याखाली वाळवते.