कॉर्ड धरली की सूर बसतो

सोमवारी वर्कशॉपला पोचलो तर दारात व्हॅन उभी, आत एम४०० मेलोट्रॉन, म्हणजे टेपवर वाजणारा कीबोर्ड, आणि शेजारी सत्तरीचे एक गोरे आजोबा. बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन रिपेअर करायचा म्हणजे पंढरपुरात बुक्क्याचं दुकान टाकण्यासारखंच, मशीन मूळचं इकडचंच. तक्रार एकच, मोठी कॉर्ड, म्हणजे बऱ्याच पट्ट्या एकदम, धरली की सूर बसतो, खाली घसरतो.

ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी, यात 35 पट्ट्या आणि प्रत्येकीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर खरी व्हायोलिनं, बासऱ्या, कॉयर रेकॉर्ड केलेले, पट्टी दाबली की रोलर टेपला फिरत्या दांड्यावर दाबतो, टेप धावते, साधारण 8 सेकंदांत संपते, बोट उचललं की स्प्रिंग मागे ओढून घेते. मी सांगलीला काकांच्या दुकानात पेट्या दुरुस्त करत वाढलो, तिथे भाता हलतोय तोवर सूर चालू, त्यामुळे ही भानगड पचायलाच मला वर्ष लागलं होतं.

आधी मोटरच्या कंट्रोल कार्डवर संशय. कार्ड बदललं, अर्धा दिवस गेला, फरक शून्य. आजोबा मात्र निवांत, चहा पीत रॉकवाला कीबोर्डवादक रिक वेकमन रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये होता, तसलाच दुसरा कीथ इमर्सन, त्याने 1971 ला न्यूकॅसल सिटी हॉलमध्ये रशियन संगीतकार मुसॉर्गस्की ऑर्गनवर वाजवला वगैरे सुनावत होते (इमर्सन मला जरा जास्तच आरडाओरडा वाटतो, पण बोललो नाही, गिऱ्हाईक आहे).

शेवटी म्हटलं तुम्हीच वाजवून दाखवा. त्यांनी जेनेसिस या रॉक बँडच्या 1972 च्या ‘वॉचर ऑफ द स्कायज’ची सुरुवात घेतली, ते संथ, चर्चमध्ये धुकं शिरल्यासारखे कॉर्ड, आणि टेप संपायच्या आत एकेक बोट उचलून परत टेकवत होते, भिंतीवरचा कोळी चालतो ना तसं, म्हणजे कॉर्ड तुटतच नाही! तेव्हा लक्षात आलं, डावा हात खालच्या पट्ट्यांवर आला की मगच सूर उतरतोय. सगळ्या पट्ट्यांना फिरता दांडा एकच, मोटर एकच. खालच्या बारा पट्ट्यांचे रोलरचे स्क्रू कुणीतरी आधी आवळून ठेवलेले, सगळे मिळून मोटरचा गळा धरत होते. एकेक स्क्रू पाव फेरा ढिला करत गेलो, संध्याकाळचे सहा वाजले.

मग मीच बसलो, दोन्ही हातांनी मोठी कॉर्ड दाबली, सूर तसूभर हलला नाही. खुशीत बोटं तशीच धरून बसलो आणि आवाज खटकन गेला. आजोबा हसायला लागले, कशाला ते मला आधी कळेना, मग बघतो तर माझा डावा हात मशीनच्या मागे भाता शोधत होता.