डोंगल बंडल: स्वल्पविरामाने खाल्लेले दोन रविवार

विमानांचे १०९० मेगाहर्ट्झवरचे सिग्नल पकडणारा माझा जावा प्रोग्रॅम मागच्या महिन्यात अपाचे फेलिक्सवर, म्हणजे जावा प्रोग्रॅम ‘बंडल’ नावाच्या सुट्या तुकड्यांत चालवणाऱ्या फ्रेमवर्कवर, हलवला. डीकोडर, नकाशा, लॉग ही बंडलं निमूट चालली. अडलं ते डोंगलशी, म्हणजे यूएसबीत खोचायच्या रेडिओ रिसीव्हरशी, बोलणारं. त्यात नेटिव्ह (जावाबाहेरच्या, थेट मशीनसाठी कंपाइल केलेल्या) लायब्रऱ्यांची साखळी आहे: माझा सीमधला जेएनआय रॅपर (जावा आणि सी यांच्यातला दुवा), त्याला लागते डोंगल चालवणारी लिबआरटीएलएसडीआर, तिला लागते यूएसबी हाताळणारी लिबयूएसबी.

बंडल सुरू केलं की एकच रड: लिबआरटीएलएसडीआर.एसओ.० सापडत नाही. बंडलाची जार फाइल उघडून बघावं तर समोर हजर!

मॅनिफेस्टच्या (जारमधल्या माहिती-फाइलच्या) बंडल-नेटिव्हकोड हेडरमध्ये मी तिन्ही फायलींच्या मध्ये स्वल्पविराम टाकले होते. तिथे स्वल्पविराम म्हणजे नवा पर्याय, आणि फ्रेमवर्क त्यातला एकच उचलतं. एका पर्यायातल्या फायली अर्धविरामाने जोडायच्या, मागे ओएसनेम आणि प्रोसेसर लिहायचा. शाळेत विरामचिन्हांचे मार्क कापायचे, ते उगाच नव्हे.

दुरुस्त केलं. एरर जशीच्या तशी. इथे दुसरा रविवार गेला. रॅपरची फाइल जावा फेलिक्सकडे मागतो, पण रॅपरला लागणारी पुढची लायब्ररी शोधतो लिनक्सचा लिंकर (प्रोग्रॅमला लायब्रऱ्या जोडून देणारा), आणि त्याला बंडल-बिंडल काही कळत नाही. म्हणून जावाची लोडलायब्ररी तीनदा बोलवायची, उलट्या क्रमाने: आधी लिबयूएसबी, मग आरटीएलएसडीआर, शेवटी रॅपर. शिवाय जावाला नाव .एसओ वर संपणारंच लागतं, पुढचा .० चालत नाही. फाइलचं नाव बदललं तर लिंकर रुसेल अशी धास्ती होती. फाइलच्या आतली माहिती दाखवणारं रीडएल्फ लावून पाहिलं, आतलं सोनेम (लायब्ररीत कोरलेलं नाव) शून्यासकट शाबूत. आधीच लोड झालेल्या लायब्ररीचं लिंकर तेवढंच जुळवतो. नकाशावर विमानं उमटली!

जुन्या लॅपटॉपवरच्या डेबियन १२ वर मात्र रॅपरने ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३८ मागितली, डेबियनकडे २.३६. रॅपर मी नव्या ग्लिबसीच्या उबुंटू २४.०४ वर बिल्ड केला होता. आता डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये करतो, दोन्हीकडे चालतो.

हेडरच्या शेवटी तारांकन टाकलं की एकही पर्याय न जुळता बंडल रिझॉल्व्ह होतं, म्हणजे फेलिक्स ते चालवायला तयार होतं. मी टाकलेलं नाही. या लायब्रऱ्यांशिवाय बंडलाचा उपयोग शून्य, मग सुरुवातीलाच बोंबललेलं बरं.

रास्पबेरी पायचा एआर्च६४ (६४-बिट एआरएम प्रोसेसरचा) पर्याय पुढच्या खेपेला.