शिकलेल्यांचा वेगळा वर्ग नको

‘एवढं शिकून तुम्ही बरं-वाईट बायबलला विचारून ठरवता?’ अमेरिकेत राहणाऱ्या माझ्यासारख्या ख्रिस्ती नर्सला हा प्रश्न नवा नाही. विचारणारे मनाने चांगले असतात. पण शिक्षण वाढलं की श्रद्धा आपोआप गळून पडते, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने २०१४ मध्ये ३५,००० हून अधिक अमेरिकन प्रौढांची पाहणी केली. योग्य-अयोग्य ठरवताना मुख्य आधार कशाचा, या प्रश्नावर ३३ टक्के लोकांनी धर्म सांगितला, ४५ टक्क्यांनी अनुभव आणि व्यवहारज्ञान. सगळे अमेरिकन एकत्र धरले तर धर्माला फार महत्त्व देणारे पदवीधरांत कमी होते: ४६ टक्के. शाळेपर्यंतच शिकलेल्यांत ५८. पण फक्त ख्रिस्ती लोकांची उपासना पाहिली की चित्र पालटतं. दर आठवड्याला उपासनेला जाणारे पदवीधरांत ५२ टक्के, शाळेपर्यंत शिकलेल्यांत ४६. उपासनेला जाणारा प्रत्येक जण बायबलप्रमाणे वागतोच असं नाही, हे मान्य. तरी शिकलेला ख्रिस्ती माणूस चर्च सोडतोच, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

आणि इथे शाळा निघाल्या कशासाठी? मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ मध्ये कायदा केला, की ५० घरांच्या गावाने मुलांना लिहा-वाचायला शिकवणारा शिक्षक ठेवावा. लोकांना बायबल वाचता येऊ नये हा सैतानाचा डाव आहे, असं त्या कायद्यातच म्हटलं होतं.

आमच्या बायबल अभ्यासगटात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका आहेत. त्यांच्या आईचं व्हेंटिलेटर काढायचं की नाही, हे ठरवायची वेळ आली. त्या म्हणाल्या, “यंत्र काढल्यावर शरीरात काय होईल ते मला नीट माहीत आहे. मी ते करावं का, हे त्यात कुठेच नाही.” त्या स्तोत्रं वाचत होत्या, प्रार्थना करत होत्या. गटातले निवृत्त ट्रकचालक काका कॉलेजात कधी गेले नाहीत. त्यांनी एकही वचन सांगितलं नाही. बायकोच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टरांना काय काय विचारलं, कोणती गोष्ट विचारायची राहून गेली, ते सांगितलं. मी रुग्णांच्या खाटांजवळ वर्षं काढली आहेत, पण त्यातले दोन प्रश्न मलाही सुचले नसते. त्यांनी ते कागदावर लिहून बाईंच्या हातात दिले.

पाहणीच्या चौकटीत बसवायचं तर बाई ‘धर्मा’त जातील आणि काका ‘अनुभवा’त. शिक्षणावरून अंदाज बांधणाऱ्याने नेमकं उलट लिहिलं असतं.

आता चर्चमध्ये पदवीधरांसाठी वेगळा, ‘सखोल’ अभ्यासवर्ग काढायचं चाललं आहे. माझा त्याला विरोध आहे. त्या वर्गात बाई असतील, काका नसतील. चर्चच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, मी तसं लिहून कळवलं आहे.