चियांग माई: पिंगच्या खोऱ्यात दोनदा वसलेलं शहर

उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला जाणारे बहुतेक जण थेट खंदकाच्या आतल्या जुन्या शहरात उतरतात. माझं ऐकाल तर आधी शहराच्या दक्षिणेकडचं वियांग कुम काम बघा. मेंगराय राजाने तेराव्या शतकात पिंग नदीला खेटून ही राजधानी वसवली आणि पुरांनी तिला कधी स्वस्थता दिली नाही. पुढे सगळंच गाळाखाली गेलं. १९८४ नंतरच्या उत्खननात वर आलेले विहारांचे चौथरे आजही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली, खड्ड्यात आहेत. काठावर उभी राहिले आणि नदीने किती माती आणून ओतली होती ते समोरच दिसलं.

१२९६ मध्ये मेंगरायने नवी जागा धरली. पश्चिमेला दोई सुथेप डोंगर, पूर्वेला पिंग, मध्ये हलक्या उताराची जमीन. डोंगराचं पाणी खंदकात, नदी हाताशी, पण अंगावर नाही. फायाओ आणि सुखोथायच्या मित्र राजांचा त्याने सल्ला घेतला, असं इतिवृत्तं सांगतात. तिघांचे पुतळे जुन्या शहराच्या मध्यात उभे आहेत. जवळच वात (बौद्ध मंदिर) चेदी लुआंगचा प्रचंड स्तूप आहे. १५४५ च्या भूकंपात त्याचा माथा कोसळला, तो पुन्हा चढवला नाही, आणि तेच बरं झालं असं मला वाटतं.

पण मला सर्वांत अस्वस्थ केलं ते नंतरच्या काळाने. १५५८ मध्ये ब्रह्मदेशाने शहर घेतलं. पुढच्या दोन शतकांत लढायांनी माणसं इतकी कमी झाली की १७७६ मध्ये शहर सोडून द्यावं लागलं. वीसेक वर्षं तटाच्या आत जंगल माजलं. १७९६ च्या सुमारास ब्रह्मदेशाविरुद्ध लढलेला स्थानिक राजा कावीला इथे परतला, तेव्हा त्याच्याकडे जमीन भरपूर होती, कसायला माणसं नव्हती. मग आजच्या म्यानमारमधल्या केंगतुंग आणि साल्वीन नदीकडच्या भागांतून गावंच्या गावं आणून इथे बसवली, अनेकांना तर बळजबरीने. खंदकाच्या दक्षिणेला वुआलाय भागात त्यांतल्या चांदीच्या कारागिरांचे वंशज राहतात. वात स्री सुफानच्या आवारात पत्र्यावर ठोके देत बसलेल्या कारागिरांपाशी मी बराच वेळ थांबले. इतक्या सुंदर कामामागे उखडलेली घरं आहेत, हे तिथल्या माहितीफलकांनी ठळकपणे सांगायला हवं.

पुढची वाढ झपाट्याने झाली. सागवानाचा व्यापार आला, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बँकॉकहून रेल्वे आली. स्टेशन नदीपलीकडे, त्यामुळे वस्तीही पूर्वेला सरकली. १९६४ मध्ये दोई सुथेपच्या पायथ्याशी विद्यापीठ निघालं. मेंगरायने नदीपासून राखलेलं अंतर या वाढीत भरून गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंगची पातळी पाच मीटरच्या वर गेली, तेव्हा काठच्या बाजारपेठा आणि वस्त्या पाण्यात होत्या.