सांडग्याची वही

कोथिंबीर वडीला बेसन मोजून घ्यावं इतकी मी काटेकोर नाही. पण आज फडताळ आवरताना डिजिटल वजनकाटा हाती लागला आणि त्याच्या खालच्या खाचेत वाळल्या गवताची एक काडी अडकलेली दिसली. झालं. दुपार गेली.

हा काटा बेसनासाठी आणलाच नव्हता. दर रविवारी काट्यावर पातेलं आणि पातेल्यात सांडगा, असा थाट असायचा. सांडगा म्हणजे आमचा गिनीपिग. रंगरूप बघून नाव सासूबाईंनी ठेवलेलं. ‘वजन कसलं करतेस, वाणसामान आहे का?’ असं त्याच म्हणायच्या आणि आकडा मात्र सगळ्यांच्या आधी वाकून बघायच्या. मी वहीत लिहायची. ९४०. ९५५. ९४५. ही जात आजार लपवते ना! ज्याला सगळेच खायला टपलेले, त्याला कण्हणं परवडत नाही. काट्यापुढे मात्र सोंग चालत नाही.

मूळचे हे अँडीज पर्वतातले. ना गिनीचे, ना पिग. तिकडे यांना भाजून खातात, हे लेकीनं वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता ढोबळी मिरचीचा एक जादा तुकडा त्याच्यापुढे सरकवला होता. आपल्यासारखंच यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज ती मिरची. कोथिंबिरीची देठंही त्याचीच. पिशवी वाजली की शीळ सुरू.

त्या मंगळवारी मिरची तशीच राहिली. अंग फुगवून कोपऱ्यात बसलेला. काट्यावर ८७०. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पोटाला लावला, बराच वेळ हलवला नाही. मग म्हणाले, ‘आतडं थांबलंय.’

आणि मला एकदम आजोबा दिसले. कोकणातला गोठा, बाहेर धो धो पाऊस, आणि गाय रवंथ करेना. आजोबांनी तिच्या डाव्या कुशीला कान लावला आणि आम्हा पोरांना हातानंच गप्प केलं. ‘वाजत नाही.’ मग मलाही ऐकायला दिलं. ऊब, शेणाचा वास, गालाला टोचणारे केस, आणि आत काही नाही. शेजारच्या गायीच्या पोटात मात्र लांबवर ढग गडगडावेत तसं चाललेलं. पुढे त्या गायीचं काय झालं, आठवत नाही. कुणाला विचारावं तर तेही कुणी उरलं नाही.

दोन दिवस दर दोन तासांनी सिरिंजनं पातळ लापशी भरवली. तो तोंड फिरवायचा. रात्री त्याला मांडीवर घेऊन मी वाकून कान लावायची. पोट ते केवढंसं! कधी काही वाजल्यासारखं वाटायचं, तर ते माझंच असायचं. जेवायचं राहिलेलं असायचं ना.

गुरुवारी पहाटे गेला.

रजेच्या अर्जात काय लिहिणार? मराठीत गिनीपिग म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतात तो. त्याचं सुतक नाही. ‘घरगुती कारण’ लिहिलं. वॉचमनकाकांकडे खुरपं मागितलं, त्यांनी काही विचारलं नाही. जास्वंदीखाली मी खणलेला खड्डा बघून मात्र खुरपं माझ्या हातातून घेतलं आणि आणखी हातभर खोल केला. ‘कुत्री उकरतात, मॅडम.’

वही काट्याच्या खोक्यातच होती. बुधवार, ८१२. गवताची काडी तिच्यात ठेवली आणि बेसन मोजलं. सवयीनं पातेलं ठेवूनच मोजलं.

‘वड्यांत देठं फार आलीत गं,’ रात्री सासूबाई म्हणाल्या.

आली होती खरी.