फिट्टंफाट

ठाण्याच्या हवेत खाडीचा दमटपणा मुरलेला. पापड सादळतात, मिठाची बरणी दगड होते आणि स्थिर विजेचे लाड फारसे होत नाहीत. कुठे विद्युतभार साचलाच तर ओलसर पृष्ठभागावरून गुपचूप निघून जातो. पण ऐरोलीच्या एसी ऑफिसात कार्पेटवरून चालत जा आणि दाराच्या स्टीलच्या मुठीकडे हात न्या. बोट टेकायच्या आतच ‘चट्!’ आमच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी हल्ली आधी किल्लीचं टोक मुठीला लावते, ठिणगी तिकडे उडाली की मग हात.

त्या एका चट्‌मध्ये काही लाख कोटी इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात, तेही हजारो व्होल्टच्या दाबाने. ऐकायला भयंकर, पण अंगातल्या एकूण इलेक्ट्रॉनांपुढे ही चिल्लरसुद्धा नाही. बाकी सगळा इलेक्ट्रॉनांच्या ऋण आणि प्रोटॉनांच्या धन भाराचा हिशेब फिट्टंफाट. मला नवल वाटतं ते ठिणगीचं नाही, या फिट्टंफाटीचं.

कारण जोडी किती विजोड आहे बघा. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे 1836 पट जड, अणुकेंद्रात ठाण मांडून बसलेला, आत क्वार्क नावाच्या आणखी बारक्या कणांची वर्दळ. 1897 साली थॉमसनला गवसलेला इलेक्ट्रॉन हलका, उनाड, आणि आजवर कितीही खोदलं तरी आत काहीच न सापडलेला. तरीही एकाचा धन भार जेवढा, तेवढाच दुसऱ्याचा ऋण. दशांशचिन्हापुढे वीस घरं तपासली तरी फरक दिसत नाही. असं का, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. (न्यूट्रॉनचं बरं आहे, भारच नाही तर भानगडही नाही, म्हणूनच 1932 साली चॅडविकला सापडेपर्यंत लपून राहिला.)

समजा, लाख कोटीत एकाचा फरक असता. मीटरभर अंतरावर उभी दोन माणसं एकमेकांना दहाएक टनांच्या जोराने ढकलत राहिली असती. आणि सकाळच्या गर्दीत ठाणे लोकलमध्ये मीटरभर अंतर मिळतंय कुणाला! चौथ्या सीटवर टेकलेल्याचं कोपर सरळ आपल्या बरगडीत रुततं. ते आरपार जात नाही, तेही दोन्हीकडच्या इलेक्ट्रॉनांच्या अरेरावीमुळेच. ‘जरा सरकून घ्या’ एवढं मात्र आपल्यालाच म्हणावं लागतं.